सरकारी इमारतीला किती स्टार? ऊर्जा कामगिरी प्रमाणपत्र समजून घेऊ, जळगाव-धुळ्याच्या उन्हात

फ्रीज किंवा एसी घ्यायला दुकानात गेलो की आपण आधी त्यावरचं स्टार असलेलं स्टिकर बघतो. जास्त स्टार म्हणजे कमी वीज, एवढं आता सगळ्यांना माहीत झालंय. पण ज्या बीईईचे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, हे स्टार असतात तीच संस्था अख्ख्या इमारतीलाही स्टार देते, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

मलाही त्याची नीट माहिती नव्हती. मी जळगावचा. गेल्या उन्हाळ्यात धुळे जिल्ह्यातून एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो तिथल्या एका सरकारी कार्यालयात इमारतीची देखभाल बघतो. म्हणाला, "भाऊ, साहेब विचारताहेत, आपल्या बिल्डिंगला स्टार मिळतील का? मी बिलं पाठवतो, तू हिशेब करून दे." मी पाच मिनिटांत हिशेब केला आणि त्याला "चार स्टार" असं कळवूनही टाकलं. तो हिशेब चुकीचा होता. कसा चुकला ते पुढे सांगतोच, कारण हा विषय समजून घ्यायला तीच चूक सगळ्यात उपयोगी पडली.

प्रमाणपत्र म्हणजे नेमकं काय?

इमारतीचं ऊर्जा कामगिरी प्रमाणपत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: ही इमारत तिच्या आकाराच्या मानाने किती ऊर्जा खाते? नुसतं बिल बघून हे कळत नाही. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीचं बिल आणि एखाद्या तालुक्याच्या पंचायत समितीचं बिल शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून वर्षभरात वापरलेल्या युनिटला इमारतीच्या क्षेत्रफळाने भागायचं. जो आकडा येतो त्याला ईपीआय, म्हणजे ऊर्जा कामगिरी निर्देशांक म्हणतात. त्याचं माप आहे: दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट.

गाडीचं ॲव्हरेज काढतो तसंच हे आहे, फक्त उलटं. गाडीत आकडा जितका मोठा तितकं चांगलं. इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं.

दोन प्रकार: नकाशावरचं आणि मीटरवरचं

गाडीचं ॲव्हरेज दोन असतात. एक कंपनी सांगते ते आणि दुसरं पंपावर टाकी भरल्यावर आपल्याला कळतं ते. इमारतींचंही तसंच आहे.

पहिल्या प्रकारात इमारत कशी बांधली आहे हे तपासतात. भिंत, छप्पर, काच, दिवे, एसी यांची क्षमता बघून ती किती वीज वापरेल याचा हिशेब होतो. इमारत नवी असताना हा प्रकार कामाचा.

दुसऱ्या प्रकारात थेट मीटर बघतात. गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष किती युनिट गेले, एवढाच प्रश्न. इमारत भारी बांधली, पण रात्रभर दिवे आणि एसी चालूच राहिले, तर ते इथे पकडलं जातं. वापरात असलेल्या सरकारी इमारतींसाठी हाच प्रकार जास्त महत्त्वाचा.

युरोपात हे दारावर लावावं लागतं

युरोपीय संघाने २००२ साली इमारतींच्या ऊर्जा कामगिरीबद्दल एक निर्देश काढला. लोकांची ये-जा असलेल्या १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सार्वजनिक इमारतींनी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं, असं त्यात होतं. २०१० च्या सुधारित निर्देशात ही मर्यादा ५०० वर आली आणि जुलै २०१५ पासून २५० चौरस मीटरवर.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ पासून अशा इमारतींच्या दारात 'ए' ते 'जी' अशा रंगीत पट्ट्यांचा कागद दिसतो. तो मीटरवरच्या वापरावरून तयार होतो. त्या प्रकारच्या सर्वसाधारण इमारतीला १०० गुण धरतात. २५ पर्यंत गुण म्हणजे 'ए', १५० च्या वर गेलं की 'जी'. मोठ्या इमारतींना तो दरवर्षी नवा करावा लागतो. यामागचा विचार साधा आहे. इमारत लोकांच्या पैशाने चालते, तर तिचं प्रगतिपुस्तकही लोकांना दिसलं पाहिजे.

भारतात काय आहे?

आपल्याकडे दारावर कागद लावण्याची सक्ती नाही. पण तीन गोष्टी आहेत.

* ऊर्जा संवर्धन कायदा, २००१. याच कायद्याखाली १ मार्च २००२ रोजी बीईई स्थापन झाली. महाराष्ट्रात या कायद्याचं काम बघणारी संस्था महाऊर्जा, म्हणजेच मेडा.
* ईसीबीसी, म्हणजे इमारतींची ऊर्जा संहिता. पहिली २००७ मध्ये आली, सुधारित २०१७ मध्ये. ती १०० किलोवॉट कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि त्यावरच्या नव्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. हा झाला नकाशावरचा प्रकार. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि संहितेचा आवाका वाढवून मोठ्या निवासी इमारतींनाही त्यात आणायची वाट मोकळी झाली.
* बीईईचं इमारतींसाठीचं स्टार रेटिंग. हे २००९ मध्ये कार्यालयांपासून सुरू झालं. हा मीटरवरचा प्रकार आणि तो ऐच्छिक आहे. अर्ज केला तर मिळतो, नाही केला तर कोणी विचारत नाही.

स्टार देताना हवामान बघतात, कारण मुंबईची दमट गरमी आणि आपल्याकडची कोरडी आग यांत फरक आहे. इमारतीचा निम्म्याहून जास्त भाग एसीचा आहे की कमी, हेही बघतात. उष्ण-कोरड्या विभागातल्या, निम्म्याहून कमी एसी असलेल्या दिवसपाळीच्या कार्यालयासाठी सुरुवातीचा तक्ता असा होता:

* ७५ ते ६५: १ स्टार
* ६५ ते ५५: २ स्टार
* ५५ ते ४५: ३ स्टार
* ४५ ते ३५: ४ स्टार
* ३५ च्या खाली: ५ स्टार

निम्म्याहून जास्त भाग एसीचा असेल तर हेच आकडे १८० पासून सुरू होतात आणि ८० च्या खाली ५ स्टार. या लेखात समजावण्यासाठी मी वरचा तक्ता घेतोय. प्रत्यक्ष अर्ज करताना बीईईच्या संकेतस्थळावरचा चालू तक्ताच वापरा. रुग्णालयं २४ तास चालतात, त्यांना कार्यालयाची मोजपट्टी लावू नका.

माझी चूक: एकच इमारत, तीन निकाल

आता त्या मित्राच्या इमारतीकडे येऊ. आकडे गोल करून देतो. तीन मजली इमारत, एकूण बांधकाम २४०० चौरस मीटर, त्यात खालचं पार्किंग ३०० चौरस मीटर. कनेक्टेड लोड १०० किलोवॉटच्या थोडा वर. साहेबांच्या केबिन, सभागृह आणि संगणक कक्ष सोडले तर बाकी सगळीकडे पंखे. गच्चीवर ३० किलोवॉटचे सोलर पॅनेल.

वर्षाचा हिशेब असा:

* महावितरणकडून आलेले युनिट (इम्पोर्ट): १,०२,०००
* सुटीच्या दिवशी परत गेलेले युनिट (एक्स्पोर्ट): १२,०००
* सोलरने बनवलेले एकूण युनिट: ४२,०००
* जनरेटरचे युनिट: ३,०००

मी काय केलं? बिलावरचे वजावट झालेले ९०,००० युनिट घेतले आणि २४०० ने भागले. उत्तर आलं ३७.५. म्हणजे ४ स्टार. मित्र खूश, साहेब खूश.

दोन दिवसांनी बीईईची व्याख्या नीट वाचली आणि डोक्याला हात लावला. क्षेत्रफळात पार्किंग धरायचं नसतं. जनरेटरची वीज धरायची असते, मी ती विसरलो होतो. आणि सुटीच्या दिवशी परत पाठवलेली वीज वजा करून इमारतीचा वापर कमी दाखवणं मला पटेना. मग हिशेब असा झाला: १,०२,००० अधिक ३,००० म्हणजे १,०५,०००. भागिले २१००. उत्तर ५०. म्हणजे ३ स्टार.

पण खरी गंमत पुढे आहे. बीईईच्या हिशेबात जागेवरच्या सोलरची वीज धरत नाहीत. सोलर लावणाऱ्याला त्याचा फायदा मिळावा, हे ठीकच आहे. पण इमारत स्वतः किती वीज खाते हे बघायचं तर ती धरावी लागेल. ४२,००० पैकी १२,००० परत गेले, म्हणजे ३०,००० युनिट इमारतीनेच वापरले. एकूण वापर १,३५,०००. भागिले २१००, उत्तर साधारण ६४. सोलर नसतं तर ही इमारत २ स्टारची, तीही काठावरची.

इमारत तीच, वर्ष तेच. चार, तीन आणि दोन स्टार. म्हणून कोणी नुसतं "आमची बिल्डिंग अमुक स्टारची" म्हणालं, तर विचारा: क्षेत्रफळ कोणतं धरलं? युनिट कोणते धरले?

मित्राला फोन करून चूक सांगणं जिवावर आलं होतं. कारण तोवर साहेबांनी ही गोष्ट एका बैठकीत बोलून टाकली होती. मित्र थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं झालं आत्ताच सांगितलं. आता चारवर कसं न्यायचं ते सांग."

स्टार खरे वाढवायचे कसे?

आम्ही दोघांनी एक शनिवार त्या इमारतीत घालवला. वही घेऊन प्रत्येक खोलीतले पंखे आणि ट्यूब मोजल्या. ऊर्जा लेखापरीक्षणाची सुरुवात अशीच, मोजणीपासून होते.

* ट्यूब: जुन्या चोकवाल्या ३२०. चोकसकट एक ट्यूब साधारण ५० वॉट घेते. वर्षाला २००० तास धरले तर ३२,००० युनिट. त्याच जागी २० वॉटची एलईडी लावली तर १२,८००. बचत १९,२०० युनिट.
* पंखे: ७५ वॉटचे १५०. थंडीचे दिवस सोडून १६०० तास धरले तर १८,००० युनिट. ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर ७,२००. बचत १०,८०० युनिट.

दोन्ही मिळून ३०,००० युनिट. १,०५,००० मधून ते गेले की उरतात ७५,०००. सोलरचा वापर तेवढाच राहिला असं धरलं, तर भागिले २१०० म्हणजे ३५.७. आता मात्र खरे ४ स्टार.

पैशाचं गणितही मांडून बघा. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये समजा. एलईडी ट्यूब नगाला २५० रुपयांनी घेतल्या तर खर्च ८०,००० आणि वर्षाची बचत १,९२,०००. पाच महिन्यांत पैसे वसूल. पंखे नगाला ३,००० धरले तर खर्च साडेचार लाख आणि वर्षाची बचत १,०८,०००. वसुलीला चार वर्षांच्या वर लागतात. म्हणून निधी थोडा असेल तर आधी ट्यूब, मग जसजसे पंखे जळतील तसतसे नवे बीएलडीसी. एकदम सगळं बदलायची गरज नाही.

एसीसाठी खर्च शून्य असलेला उपाय म्हणजे तापमान. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले नवे रूम एसी २४ अंशांच्या सेटिंगवरच सुरू होतात. बीईईच्या सांगण्यानुसार सेटिंग एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. बाहेर ४४ आणि आत १८ ठेवून स्वेटर घालून बसणारे साहेब आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

आणि या ३०,००० युनिटचा आपल्याशी काय संबंध? आपल्या भुसावळजवळच्या दीपनगरला कोळशावर वीज बनते. तिथला धूर आणि राख आपण रोज बघतो. देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका मध्यम इमारतीतून वर्षाला २१ टन कमी. धुळे जिल्ह्यातच साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, तो चांगलाच आहे. पण न वापरलेलं युनिट बनवायला ना कोळसा लागतो, ना जमीन.

खानदेशातला पेच: कमी युनिट म्हणजे चांगली इमारत?

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. मोजणी झाल्यावर आम्ही खाली आलो. दाखल्यासाठी लोक जिथे रांगेत उभे राहतात तो व्हरांडा मी बघितला. वर पत्रा, पंखा एकही नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. मी मित्राला विचारलं, "इथे पंखे का नाहीत?" तो म्हणाला, "बिल वाढेल ना. आणि आता तर स्टारही कमी होतील."

त्याचं बरोबर होतं आणि हाच या मोजपट्टीचा मोठा दोष आहे. ईपीआय वीज मोजतो, सोय मोजत नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्गांना मिळून पाच पंखे आणि दुपारी वीजच नसेल, तर तिचा ईपीआय इतका कमी येईल की कागदावर ती पाच स्टारच्याही पुढे जाईल. प्रत्यक्षात मुलं घामाने भिजलेली असतील. लोड १०० किलोवॉटपेक्षा कमी असल्याने ती शाळा या कार्यक्रमात बसतच नाही. पण हाच तर्क मोठ्या कार्यालयाला लावला तर लोकांच्या वाट्याचा पंखा काढून स्टार कमावता येतात.

म्हणून माझं मत असं की आपल्याकडे प्रमाणपत्रावर ईपीआयच्या शेजारी अजून एक आकडा हवा: मे महिन्यात दुपारी तीन वाजता, लोक जिथे बसतात तिथलं तापमान. साधा तापमापक शे-दोनशे रुपयांत मिळतो. दोन्ही आकडे शेजारी आले की फसवाफसवी संपते. वीजही कमी आणि आतही गारवा, ती खरी चांगली इमारत.

असं होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि ते आपल्याला नवं नाही.

* जाड भिंती: धुळे-जळगावातल्या जुन्या दगडी इमारतींत दुपारी शिरून बघा. जाड भिंत उष्णता आत यायला कित्येक तास लावते, तोवर कचेरी सुटायची वेळ होते. याउलट पश्चिमेला मोठी काच लावलेली नवी इमारत दुपारी भट्टी होते आणि मग एसीवर एसी चढतात.
* पांढरी गच्ची: सगळ्यात वरच्या मजल्याची गरमी स्लॅबमधून येते. गच्चीवर चुन्याचा किंवा उन्हाला परतवणारा पांढरा रंग दिला, तर स्लॅब बराच कमी तापतो. गच्चीवर सोलर असेल तर त्याचीही सावली मिळते.
* कूलर: आपली हवा कोरडी, म्हणून एप्रिल-मे मध्ये कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. मोठा कूलर साधारण २०० वॉट घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या सात-आठ पट. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेवढे दिवस पंखा पुरतो.
* सावली: खिडकीवर छज्जा, पश्चिमेला कडुनिंब. याला वीज लागतच नाही.

त्या व्हरांड्यात सहा बीएलडीसी पंखे लावले तर किती युनिट जातील? ६ पंखे, ३० वॉट, १६०० तास. साधारण २९० युनिट. ईपीआय वाढेल ०.१४ ने. स्टारला धक्काही लागत नाही. हे मी मित्राला तिथेच कागदावर करून दाखवलं. नंतर त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सहा पंखे लागले होते, ट्यूबचं काम अजून मंजुरीत अडकलेलं आहे.

तुमच्या इमारतीचा हिशेब असा करा

१. गेल्या १२ महिन्यांची बिलं घ्या, सलग. एकाच महिन्याचं बिल घेऊन १२ ने गुणू नका, आपल्याकडे मे आणि डिसेंबर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.
२. युनिट म्हणजे केडब्ल्यूएच. उच्चदाब जोडणी असेल तर बिलावर केव्हीएएच हाही आकडा असतो, तो घेऊ नका.
३. सोलर असेल तर इम्पोर्टचे युनिट घ्या, वजावट झालेले नको. इन्व्हर्टरवरून सोलरचे एकूण युनिट वेगळे लिहून ठेवा.
४. जनरेटरचे युनिट मिळवा.
५. बांधकाम क्षेत्रातून पार्किंग, लॉन, रस्ते वगळा. चौरस फूट असतील तर १०.७६ ने भागा.
६. भागाकार करा. एकदा सोलर सोडून, एकदा धरून. दोन्ही आकडे लिहा.
७. तापमानाचा आकडा शेजारी लिहा.

तुम्ही कर्मचारी नसाल, साधे नागरिक असाल, तरी हे करता येतं. सरकारी इमारतीचं वीजबिल आणि बांधकाम क्षेत्र ही गुप्त माहिती नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत "बिल किती आलं" यापेक्षा "चौरस मीटरला किती युनिट लागले" हा प्रश्न विचारून बघा.

थोडक्यात

ऊर्जा कामगिरी प्रमाणपत्र म्हणजे इमारतीचं प्रगतिपुस्तक. युरोपात ते दारावर लागतं, आपल्याकडे अजून ऐच्छिक आहे. आकडा काढायला साधा भागाकार पुरतो, पण वर काय घेतलं आणि खाली काय घेतलं यावर सगळं अवलंबून आहे. आणि आपल्या भागात एक प्रश्न कायम सोबत ठेवा: वीज वाचली ती कोणाच्या घामावर?

तुमच्या शाळेचा, ग्रामपंचायतीचा, कार्यालयाचा हिशेब करून बघा. पहिल्यांदा चुकेल. माझाही चुकला होता.